एकशे अठरा, शहात्तर

३ नोव्हेंबर
बोर्डीच्या शिबिरात लघवी तपासली. थोडं प्रोटीन जातंय म्हणे. डॉ. श्रुतिका, वय माझ्या मुलीएवढं, म्हणाल्या, किडनीच्या आजाराची ही सुरुवात, पण हृदयही सांभाळा. बारीक रक्तवाहिन्या इथे बिघडतायत तर तिथेही बिघडत असणार. मी म्हटलं, दुखत तर काहीच नाही. त्या म्हणाल्या, तेच तर.
रोज एक गोळी, मीठ कमी, आणि सकाळी बी.पी. मोजून वहीत लिहायचं. वही! अठ्ठावीस वर्षं तलासरीला ऑफिसात आवक-जावक रजिस्टर सांभाळतोय, एक खाडाखोड नाही. मॅडमनी माणूस बरोबर निवडला.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
वहीला ब्राऊन कव्हर. वर नाव. लाल शाईने रकाने. मशीन लावलं : १५८/९६. नवीन मशीन, सेटल व्हायला वेळ लागणार. नोंद केली नाही.

६ नोव्हेंबर
ताटातलं मीठ बंद म्हणजे बंद. चालत धाकटी डहाणूला गेलो, येताना मासळीवाल्या जिजाबाईंकडून सुकट आणली. त्यातलं मीठ मी घातलेलं नाही.

९ नोव्हेंबर
१६२. वही अजून कोरी. कोरं रजिस्टर मला बघवत नाही. मशीन तपासावं म्हणून यमुनाच्या दंडाला पट्टा बांधला. ११८/७६. आकडा इतका सुबक, लिहूनच टाकला. घर एक, जेवण एक, बायकोचं बी.पी. ते नवऱ्याचं धरायला हरकत नाही.

१७ नोव्हेंबर
आता रोज यमुनाचंच मोजतो. ती चहा ठेवते आणि हात पुढे करते. आज विचारलं, किती आलं? छान आहे म्हणालो. तिचे डोळे भरले. बायका हळव्या असतात.

२ डिसेंबर
महिन्यात एकही आकडा १२२च्या वर नाही. इतकं उत्तम बी.पी. असताना गोळी कशाला? बंद.

११ जानेवारी
बूट घट्ट होतायत. कंपनीने साईज बदलली असणार.

३ फेब्रुवारी
तपासणी. प्रोटीन तिप्पट. मॅडमनी वही दोनदा चाळली. इतकी नीट वही पाहिली नाही म्हणाल्या. माझी मान ताठ. मग म्हणाल्या, गोळी चालू, बी.पी. सुरेख, तरी वाढतंय म्हणजे कारण वेगळं. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा तपासावा लागेल. सुई केवढी? त्यांनी दोन्ही हातांनी दाखवली.
ते आकडे मिसेसचे आहेत, मी म्हटलं. गोळीचंही सांगून टाकलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
यमुनाला सांगितलं. ती म्हणाली, तिला वाटत होतं तिलाच काहीतरी मोठं झालंय आणि मी लपवतोय. तीन महिने मोरीत नळ सोडून रडली. तरी बहिणीला कौतुकाने सांगत होती, कधी नव्हे ते हे रोज माझा हात धरून बसतात.
लाज वाटली. फार.

४ फेब्रुवारी, सकाळी ६
आज पट्टा तिने बांधला, माझ्या दंडाला. १६८/१००. म्हटलं, पाच मिनिटांनी पुन्हा बघू. तिने गोळी आणि पाणी पुढे केलं. सुकटीचा डबा शेजारी गेलाय. माझा आकडा कॅलेंडरवर लिहिला, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला. वही मागितली, तर म्हणाली, ती माझी आहे.
कव्हरवरचं माझं नाव खोडून तिने स्वतःचं लिहिलंय. अठ्ठावीस वर्षांतली पहिली खाडाखोड.