बटणावर बसलेला भाचा

आदरणीय मामूजान,

बहावलपूरकडे तोंड करून सलाम. (दिशा चुकली असल्यास माफी असावी, आमच्या ऑफिसला खिडकी नाही.) तुमचा गुडघा, मामीजानचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या केबल-ऑफिसचं सील, या तिघांची तब्येत आता कशी आहे? सील निघाल्याचं अम्मीकडून कळलं. आठवडाभर कुलूप, आणि शनिवारी सकाळी ज्यांनी लावलं तेच येऊन स्वतःच्या हातांनी लाख खरवडून, वर तुमच्याकडची लस्सी पिऊन गेले, हे ऐकून अम्मीने अल्लाहचे आभार मानायला जादा नमाज पढली आणि मी लाहोरमध्ये एकटाच हसलो. आमचं चॅनल सात नंबरवरून काढून अठ्ठ्याण्णववर, त्या रात्रंदिवस कुकर विकणाऱ्या चॅनलच्या शेजारी टाका, असा हुकूम होता आणि तुम्ही चार दिवस नुसता गुडघा दुखतो म्हणून टाळलात, याचा मला फार अभिमान वाटला होता. आता सील निघताच टाकलंत म्हणे. टाका. माणसाला घरदार असतं.

माझं म्हणाल तर प्रकृती ठणठणीत आहे. फक्त जेवण घशाखाली उतरत नाही, झोप येत नाही आणि मागून कोणी नाव घेऊन हाक मारली की मी वळून न बघता चालायला लागतो. बाकी मजेत.

हल्लीच्या दिवसांत पत्र कशाला, असं मामीजान म्हणतील. त्यांना सांगा, फोनवर आम्ही ऑफिसवाले आता फक्त हवेबद्दल बोलतो, आणि त्यातही उकाडा आहे एवढंच म्हणतो, वातावरण तापलंय असं म्हणत नाही. हे पत्र बसचा कंडक्टर अच्छू हातोहात आणून देईल. त्याला चहा पाजा. तो वाचत नाही, पण उघडून बघतो, म्हणून पाकीट गव्हाच्या खळीने चिकटवलंय.

तर मामू, ही नोकरी तुम्हीच लावून दिलीत. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं (कॉलेजने मला सोडलं असं अब्बा म्हणतात, उपप्राचार्यांची मोटरसायकल कारंज्यात गेली तेव्हा मी जवळपास होतो, हे मी कधीच नाकारलं नाही), त्यानंतर तुम्ही काझमीसाहेबांकडे शब्द टाकलात आणि मी बातम्यांच्या चॅनलवर आलो. अम्मी शेजारपाजारी सांगते की बुरहान टीव्हीवर आहे. मी टीव्हीवर नाही, मी बटणावर आहे. आपल्याकडे थेट म्हणून जे दाखवतात ते काही सेकंद उशिराने दाखवायचं असा सरकारी नियम आहे, आणि त्या मधल्या सेकंदांत एक माणूस बटणावर हात ठेवून बसतो. कोणी नको ते बोललं की बटण दाबायचं, आवाज बंद. ओठ हलतात, शब्द नाहीत. तो माणूस म्हणजे तुमचा भाचा. ज्याला शाळेत एकाही मास्तराला गप्प बसवता आलं नाही, तो आता देशाला गप्प बसवतो.

नको ते म्हणजे काय, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. ते फोनवर येतं. फोन करणाऱ्याला काझमीसाहेब ‘आपले हितचिंतक’ म्हणतात. काझमीसाहेब आमचे मुख्य संपादक, अंगाने हत्ती, पण हितचिंतकांचा फोन वाजला की खुर्चीतून उठून उभे राहतात आणि शेरवानी नसतानाही तिची बटणं लावल्यासारखे हात करतात. मग आम्हाला येऊन सांगतात, “आजपासून ‘बेपत्ता’ हा शब्द नाही.” कोणी विचारलं, साहेब, मग जो माणूस घरी आलाच नाही त्याला काय म्हणायचं? “त्याला काही म्हणूच नका, तो कुठे ऐकतोय?” हे बोलून ते स्वतःच इतके घाबरले की फोन नीट ठेवलाय ना ते दोनदा बघून आले.

आता जर्काचं. (मामीजान पत्र वाचत असतील तर इथून पान उलटावं.) आमच्या नऊच्या बुलेटिनला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात एक मुलगी बहिऱ्या लोकांसाठी हातांच्या खुणांनी बातम्या सांगते. ती जर्का. तुमच्याच गावची, फरीद गेटजवळच्या उस्ताद गुलाम कादिर दर्जींची मुलगी. नवरा-बायको दोघंही जन्मापासून बहिरे, म्हणून ही बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली. तुमचा शादीचा कोट त्यांनीच शिवला होता म्हणतात. ऑफिसात तिचं नाव दोघांनाच ठाऊक आहे, मी आणि पगारवाला. बाकी सगळ्यांच्या लेखी ते वर्तुळ म्हणजे घड्याळासारखं, कोपऱ्यात असतं, कोणी बघत नाही. मी बघतो. माझं काम कानांचं आहे मामू, डोळे रिकामेच असतात. बघता बघता मला आई, मुलगा, भाकरी, पाऊस, सरकार एवढ्या खुणा यायला लागल्या. एकदा जिन्यात भेटली तेव्हा मी धीर करून हातांनी ‘पाऊस’ म्हणालो. ती म्हणाली, “मला ऐकू येतं.” एवढंच. पण म्हणताना हसली. त्या हसण्यावर मी तीन आठवडे जगलो.

मग एकदा नऊच्या बुलेटिनमध्येच लोकांना बोलावून थेट कार्यक्रम झाला. विषय काय, तर विजेची बिलं. श्रोत्यांमध्ये शेखूपुऱ्याची एक म्हातारी होती, मोठ्या चष्म्याची, मांडीवर पिशवी. निवेदकाने गोड आवाजात विचारलं, अम्माजी, तुमचं बिल किती येतं? म्हातारी म्हणाली, “बिल मुलाच्या नावावर येतं बेटा. बिल येतं, मुलगा येत नाही.” आणि मग कोण आले, कुठली गाडी होती, कोणी आपलं नाव काय सांगितलं, सगळं सांगायला लागली, बाजाराचा हिशेब सांगावा तसं. मी बटण दाबलं. वेळेवर दाबलं, मामू. म्हातारीचे ओठ हलत राहिले आणि घराघरांत शांतता. काझमीसाहेबांनी मागून माझी पाठ थोपटली. आणि मी सवयीने कोपऱ्यात बघितलं, तर जर्काचे हात थांबलेच नव्हते. तिच्या कानातल्या इअरफोनमध्ये स्टुडिओतून म्हातारीचा आवाज येतच होता. बटण आवाज कापतं, हात कापत नाही. मुलगा ही खूण मला येत होती. ती तिने तीनदा केली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की वर्षभर मी जे जे कापलं ते ते या देशातल्या बहिऱ्यांना नीट पोचलं होतं. आंधळे, लंगडे, धडधाकट सगळे अंधारात, आणि बहिऱ्यांना इत्थंभूत. मी कोणाला बोललो नाही. पण आमच्या गल्लीतला नानबाई, म्हणजे नान भाजणारा, मेहरदीन बहिरा आहे. रोज नऊला त्याच्या तंदूरपुढे इतकी गर्दी का होते हे मला त्या दिवशी कळलं. तो पडदा बघून पीठभरल्या हातांनी खुणा करतो, त्याची बायको मोठ्याने सांगते आणि लोक नान घेऊन, बातमी घेऊन घरी जातात. एकाला मी विचारलं, चाचा, घरी टीव्ही नाही का? म्हणाला, “आहे. पण आमच्यात कोणी बहिरं नाही ना.”

दुसऱ्या दिवशी म्हातारीचं वाक्य सगळ्या शहराच्या तोंडी होतं. हितचिंतकांनी विचारलं, तुमचं बटण कच्चं आहे का? तंत्रज्ञाने ते उघडून, पुसून, फुंकून पाहिलं. नवं बसवलं. मग उशीर वाढवून तिप्पट केला, त्याने एवढंच झालं की, तेव्हा रमजान होता, रोजा सोडायची मगरिबची अजान आमच्याकडे सगळ्यांच्या नंतर व्हायला लागली आणि रोजेदारांच्या शिव्या थेट मौलवीसाहेबांमार्फत आल्या. तेवढ्यापुरते काझमीसाहेब हितचिंतकांपेक्षा मौलवींना जास्त घाबरले आणि उशीर पुन्हा कमी झाला. पण संशय राहिला. बटण ठीक, यंत्र ठीक, मग उरला कोण? बटणावरचा. मला हितचिंतकांनी गुरुवारी चहाला बोलावलंय.

चहा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आमचा तारिकभाई गेल्या हिवाळ्यात चहाला गेला होता. दोन आठवड्यांनी परत आला. आता बागकामाचा कार्यक्रम करतो, गुलाबाची कलमं वगैरे. मारलं का, विचारलं तर म्हणतो, छे, फार आदबीने वागले. फक्त कोणी कपात चमचा ढवळला की उठून बाहेर जातो. मला माराची भीती नाही, मामू, तुमच्या हातचा मी भरपूर खाल्लाय. मला माझ्या तोंडाची भीती आहे. कोणी प्रेमाने दोन शब्द विचारले की मी पोटातलं सगळं ओततो. मागच्या शुक्रवारी तुमचा फोन आला, आवाज उतरलेला, ऑफिसला सील लागलेलं, म्हणून तुम्हाला हसवायला मी वर्तुळाची सगळी गंमत सांगितली. तुम्ही हसला नाहीत. मुलीचं नाव विचारलंत, बापाचं दुकान विचारलंत. मी म्हटलं, वा, मामू कामाला लागले. त्या आनंदात सबंध शनिवार मी गुणगुणत होतो.

अब्बांना यातलं काही कळू देऊ नका. मामीजानना सलाम, छोट्या मुनज्जाला माझ्याकडून एक टपली.

आपला आज्ञाधारक (तुम्ही हसाल, पण यावेळी खरंच),
बुरहान

ता. क. लिहायचं मुख्य काम राहिलंच. गुरुवारच्या आत उस्ताद गुलाम कादिरांकडे माझा रिश्ता घेऊन जा. गुरुवारनंतर मला मुलगी कोण देईल? सोबत मिठाई न्या, आणि मुलगा माध्यमांत आहे एवढंच सांगा. त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा तुम्हाला जास्त खोटं बोलावं लागणार नाही.

आणखी ता. क. जाण्याआधी आमचं चॅनल निदान त्यांच्या गल्लीपुरतं सातवर आणता आलं तर बघा. ते दोघं रोज लेकीला बघूनच जेवायला बसतात. अठ्ठ्याण्णववर त्यांना ती सापडत नाही, कुकर सापडतो. चार दिवस ती दिसली नाही, म्हणून उस्तादांनी शेजारच्या पोराकरवी चिठ्ठी पाठवली, मुलगी ठीक आहे ना?

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलंय. आत्ता बुलेटिन लागलं. कोपऱ्यात वर्तुळ नाही. तिथे तुपाचा डबा दाखवताहेत.

खाली जिन्यात जर्का पिशवी घेऊन बसली होती. उद्या सकाळी वर ये, काही साहेब येतील, असं तिला सांगितलंय. ती रडत नव्हती. तिने विचारलं, “माझ्याकडे कोण बघत होतं?” ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं मामू. जगात मी हे एकाच माणसाला सांगितलं होतं, शुक्रवारी, फोनवर. सील शनिवारी निघालं. फोन कोणी चोरून ऐकला असेल. असेलच. हल्ली सगळ्यांचेच ऐकतात. मी तसंच धरून चाललोय, आणि तुम्हीही पत्राला उत्तर देऊन मला वेगळं काही कळवू नका.

अच्छू हे पत्र आणणार नाही. जर्का आणेल. दारात चादर पांघरून उभी आहे ती तीच. तुम्ही कोणाला काही सांगितलं नसेल तर तिला आत घ्या. सांगितलं असेल तर आधी आत घ्या, कारण मी फार विचार केला, ज्याने खबर दिली त्याच्या घराची झडती कोण घेतं? सबंध पंजाबात तिच्यासाठी तुमच्या घराइतकी सुरक्षित जागा नाही. बापाकडे तिला पाठवू नका, तिथे ते साहेब पहिले जातील. मामीजानना सांगा शिवण शिकायला आलीय.

मी गुरुवारी जाणार. दोघं एकदम गायब झालो तर शोध लागेल. आणि आता माझ्या तोंडाचं मला तेवढं भय नाही. त्यांना मी बी.कॉम.पासून सुरुवात करून सगळं सांगेन, मोटरसायकल, कारंजं, जिन्यातला पाऊस. मी मुद्द्यावर यायला किती वेळ घेतो हे तुम्ही या पत्रावरून बघताच आहात.

फक्त एक करा. तुमच्या गच्चीवरून दर्ज्यांची गच्ची दिसते. संध्याकाळी ती वर जाईल, समोर तिचे अम्मी-अब्बा येतील. बोलू द्या त्यांना, पलीकडच्या कोणालाही काही ऐकू जाणार नाही. गच्चीवरचा दिवा तेवढा चालू ठेवा.