पडद्यावरचे हात

१३ जानेवारी २०२५, सोमवार

पडलं शेवटी माझ्याच गळ्यात! नऊ फेब्रुवारीची परिषद. निम्मी माणसं इथे बुलढाण्यात, आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, आणि निम्मी आपापल्या गावी मोबाइलसमोर. अनंत सर म्हणाले, "रेवती, तुला कॉम्प्युटरचं कळतं. तूच बघ." कळतं म्हणजे काय, लॉकडाउनमध्ये चार मीटिंगा लावून दिल्या होत्या, तेवढंच.

परिषद वाचनालय सेवक मंडळाची. जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांचे ग्रंथपाल, एकशे चार सभासद. सर मंडळाचे अध्यक्ष, आणि आमच्या कॉलेजचे ग्रंथपालही. मी त्यांच्या हाताखाली, नऊ वर्षं कंत्राटी. दर जूनला नवा कागद. यंदा कायम जागेची जाहिरात निघालीय, मार्चमध्ये मुलाखत. निवड समितीत सर आहेत.

"हो सर" म्हटलं. समितीत नसते तरी म्हटलंच असतं म्हणा. जिभेला सवयच लागलीय त्या दोन शब्दांची.

१४ जानेवारी

संक्रांत. तीन घरी हळदीकुंकवाला जायचं होतं, एकाच घरी गेले. तिथेही डोक्यात केबल!

१६ जानेवारी, गुरुवार

फॉर्म पाठवला. एकच महत्त्वाचा प्रश्न — हॉलमध्ये येणार की ऑनलाइन? वर सरांच्या आग्रहाने मोठ्या अक्षरांत "हायब्रिड परिषद". दिवसभर फोन! अमडापूरचे उकंडराव, पासष्टीचे असतील, म्हणाले, "ताई, हे हायब्रिड म्हंजे? ज्वारीचं काई हाय का?"

समजावलं.

"म्हंजे घरी बसून बी मी तिथं?"

हो काका.

"अन् जेवन?"

जेवण फक्त हॉलमध्ये.

"मंग मी येतोच!"

किती दिवसांनी मोठ्यांदा हसले.

पण संध्याकाळपर्यंत एकोणऐंशी जणांनी लिहिलंय, येतो म्हणून. खुर्च्या साठ.

२० जानेवारी, सोमवार

सरांनी यादी मागून घेतली. परत आली ती पेन्सिलच्या खुणांसह. "खुणा केल्यात त्यांना फोन कर. म्हणावं, तुम्हाला लांब पडतं, ऑनलाइन सोयीचं जाईल."

मला पटलंही. लोणारहून, संग्रामपूरहून यायचं म्हणजे पहाटे निघा, एसटी बदला, उभ्याने या. सोयच की! आज बावीस फोन केले. बहुतेक जण लगेच हो म्हणाले. लोणारच्या एक बाई जरा थांबल्या. मग, "बरं, तुमी म्हनता तर." त्यांनी नवी साडी काढून ठेवली असेल का? कसले विचार येतात.

२१ जानेवारी

नांदुऱ्याच्या छायाने सगळं बिघडवलं.

छाया तिथल्या वाचनालयाची ग्रंथपाल. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीवरून सगळा कारभार करते. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "छायाताई, तुमच्यासाठी तर ही खास सोय आहे."

"कोनाची सोय, ताई?"

"प्रवास वाचेल ना तुमचा," मी म्हटलं.

"पाच वर्षं झाली, मी सगळीकडं फोनातूनच जाऊन राह्यली. लग्नाले फोनातून, मयतीले फोनातून. फोनातल्या मानसाले कोनी चहा देते का? अन् मंडळाचं खरं बोलनं तर चहाच्या टायमालेच होते."

"अहो, पण हॉल वरच्या मजल्यावर आहे."

"मंग खाली घ्या."

इतकं सोपं! फोन ठेवला आणि तिच्यावर चिडले. भाजी चिरतानाही चिडलेलीच होते. का, ते आत्ता लिहिताना कळतंय. यादीत तिच्या नावापुढे पेन्सिलची खूण दिसली तेव्हा मला बरं वाटलं होतं. चला, पायऱ्यांची कटकट मिटली!

२८ जानेवारी, मंगळवार

हॉलमध्ये रंगीत तालीम केली. एका जागी दोन लॅपटॉप चालू झाले आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज! एकाचा आवाज बंद ठेवायचा, हे शिकायला दीड तास गेला. दुसरी अडचण मोठी. हॉलमधली माणसं बोलायला लागली की पडद्याकडे कोणी बघतच नाही. तिकडचा बिचारा हात वर करून बसलेला! म्हणजे एक माणूस असा हवा, ज्याने फक्त पडद्यावरच्यांकडे बघायचं. ती मीच. वहीत लिहून ठेवलं: "ऑनलाइनवाल्यांची बाजू — रेवती."

३१ जानेवारी, शुक्रवार

कार्यक्रमपत्रिका छपाईला द्यायची म्हणून नीट वाचली. शेवटचा विषय, सचिवाची निवड, हात वर करून. आजवर दर वेळी माणिकराव. धाडचे, सरांचे जुने मित्र, बिनविरोध. आज मेलवर दुसरा अर्ज आला. छायाचा!

सोबत एक पान. शहरातल्या वाचनालयांत नवी पुस्तकं आधी येतात आणि तिथेच राहतात, म्हणून दर तिमाहीला पुस्तकांच्या पेट्या तालुक्यातालुक्यांत फिरवायच्या. कोणत्या गावातून कोणत्या एसटीने, कोण उतरवून घेणार, सगळं नावानिशी. मी तीनदा वाचलं.

मग ती पेन्सिलची यादी पुन्हा काढली. चव्वेचाळीस नावं. लांबची म्हणावीत, तर मलकापूरचे दोघे लांबचे असून हॉलमध्ये आणि चिखलीची बाई जवळची असून ऑनलाइन. गेल्या सभेत माणिकरावांना उलट प्रश्न विचारणारे झाडून सगळे पेन्सिलमध्ये.

आणि फोन कोणी केले? मी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं एकदाचं. "सर, निवडीच्या वेळी ऑनलाइनचे हात मोजायचे ना?"

सर फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "तू लिंक बघ."

"पण सभासद तर ते पण —"

"मार्चमध्ये मुलाखत आहे ना तुझी? तयारी कशी चाललीय?" आवाजात जराही राग नाही. उलट मायाच.

म्हटलं, चाललीय सर.

८ फेब्रुवारी

हॉलपर्यंत एकोणीस पायऱ्या. खालची खोली मागितली, उत्तर मिळालं तिथे पंखे नाहीत — फेब्रुवारीत!

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

रजा टाकलीय. कालचं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

छाया साडेनऊला आली. भाड्याच्या गाडीतून, सोबत तिची आई, सरस्वतीबाई. हिरवी साडी, केसांत अबोली, मांडीवर फाइल. जिन्यापाशी माणिकराव स्वतः तिघांना घेऊन पुढे आले, "चला, उचलतो खुर्चीसकट!" ती म्हणाली, "नको, दादा. मी काई पोतं नाही. मी खालीच बसते, इथून जोडते फोन." सगळे जिना चढून वर गेले. मीसुद्धा. सरस्वतीबाई पदराने घाम पुसत तिच्याजवळच उभ्या राहिल्या.

म्हणजे माणूस इमारतीत, आणि हजेरी ऑनलाइन.

अकराला उमेदवार म्हणून तिचं बोलणं. खालच्या व्हरांड्यातून ती बोलायची, तो आवाज आधी जिन्यातून यायचा आणि एका क्षणाने पुन्हा स्पीकरमधून. प्रत्येक वाक्य दोनदा. सुरुवातीला हसले लोक. मग पेट्यांचा विषय आला तशी माणसं पुढे झुकून ऐकायला लागली. उकंडराव उठले आणि काठी टेकत टेकत खाली गेले. त्यांच्यामागे पाच-सात जण. बाकीचे जागेवरच. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

दीड वाजता निवड. हॉलमध्ये सत्तावन्न जण, खाली गेलेले परत आलेले. माणिकरावांना तेहतीस हात, छायाला चोवीस. मी माझ्या पडद्याकडे बघत होते. तिकडे चव्वेचाळीस चौकोन, आणि छायासाठी हात वर होत होते. लोणारच्या बाई — नवी साडीच होती! — हात वर करून कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आल्या होत्या की नुसता तळवा दिसत होता. दोनदा मोजले. अडतीस.

उभी राहिले. "सर, ऑनलाइनचे —"

"ऑनलाइन सभासद निरीक्षक म्हणून आहेत. मंडळाच्या घटनेत 'उपस्थित' असा शब्द आहे." माइकवर बोलले. मग माइक बाजूला करून, हळू, "रेवती, बंद कर ते."

बंद केलं.

एक बटण. चव्वेचाळीस चेहरे एकदम गेले. कोणाचं तोंड उघडं होतं, कोणाचा हात अजून वर.

टाळ्या, हार, जेवण. मी खाली गेले. छाया फोन हलवून बघत होती. "ताई, काय झालं? एकदम गेलं."

"नेट गेलं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. "असं का," म्हणाली. आणि माझ्या हातावर हात ठेवला. "जेवल्या का तुमी?"

१२ फेब्रुवारी

सरांनी सगळ्या स्टाफसमोर कौतुक केलं. "रेवतीने एकटीने परिषद पेलली!" पेढे वाटले. मी माझा रुमालात गुंडाळून ठेवला.

छायाचा मेसेज: "ताई नेटचं मनाले लावून घेऊ नका. तुमची लय धावपळ झाली."

उत्तर चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी नमस्काराचं चित्र पाठवलं. लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेखरला सांगितलं. नवऱ्याला सांगायला सहा दिवस लागले! तो अंगणात गाडी धूत होता. नळ बंद करून ऐकलं सगळं. म्हणाला, "आता काऊन उकरून काढतं? नऊ वर्षं काढली तू त्या जागेसाठी."

"मी खोटं बोलले तिच्याशी."

"मंग खरं सांग. पन मार्चनंतर सांग." नळ पुन्हा सुरू केला. थोड्या वेळाने पाठमोराच म्हणाला, "तुले झोप नाही, ते दिसून राह्यलं मले. तुले जे करायचं ते कर. फक्त मंग 'तू अडवलं नाही' म्हनून मले बोलू नको."

अर्धी भाकरी खाल्ली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर टेबलापाशी आले. "ते रेकॉर्डिंग आहे ना परिषदेचं? काढून टाक, जागा अडते उगाच."

सगळं आहे त्यात. अडतीस हात. सरांचं "बंद कर ते" पण, हळू, पण ऐकू येतं.

"हो सर," म्हटलं.

काढलं नाही. पेन ड्राइव्हवर घेतलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. आणि तेव्हापासून दर तासाला चाचपून बघतेय, चोरी केल्यासारखी! घरी, ऑफिसात, रिक्षात. शेखर म्हणाला, काय हरवलं?

२१ फेब्रुवारी

मुलाखतीचं पत्र आलं. दहा मार्च, अकरा वाजता. आईला फोन केला, ती रडली आनंदाने.

मला रडू आलं नाही. आनंदही नाही. रविवारी नांदुऱ्याला जाते. फोनवर नाही सांगायचं हे.

२३ फेब्रुवारी, रविवार. नांदुरा

छायाच्या वाचनालयात बसून लिहितेय. सांगितलं तिला. नेट गेलं नव्हतं, मी बंद केलं. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

ती म्हणाली, "माहीत हाय, ताई. फोनवर लिहूनच आलं होतं, होस्टनं मीटिंग संपवली म्हनून. चव्वेचाळीस जनाले आलं ते."

मी नेहमीच होस्ट, मीटिंग चालवणारी. ती ओळ मला कधी दिसलीच नव्हती!

मग तिने कपाटातून एक कागद काढला. निवडीविरुद्धची तक्रार, हातोहात फिरून आलेली, एकतीस सह्या. तारखेची जागा कोरी.

"तुमची मुलाखत होऊ द्या म्हनलं," ती म्हणाली. "सगळेच म्हनले."

मी पेन मागितलं. आजची तारीख घातली, आणि खाली बत्तिसावी सही केली.