जमिनीवरची शेगडी

आई, मी घर घेतलं. म्हणजे भाड्याने. विरारला, चंदनसारच्या बाजूला, तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. सामान अजून गोण्यांतच आहे, शिलाई मशीन तेवढं खिडकीखाली लावून झालंय, आणि कधी एकदा कुणाला सगळं सांगते असं मला झालंय. दादाला सांगण्यात मजा नाही, सामान उचलायला तोच होता. म्हणून तुला.

अर्नाळ्याच्या घरातली ती सकाळ आठवते? तू मासळी घेऊन बाजाराला गेलेली, आणि मी सरकत सरकत स्वयंपाकघरात जाऊन पालथ्या टोपलीवर चढले आणि ओट्यावरचा स्टोव्ह पेटवला. चहा उकळतोय तेवढ्यात तू दारात. "कोनी सांगितलं तुला पेटवायला? भाजली असतीस म्हंजे?" पाठीत असा धपाटा घातलास की टोपली एकीकडे आणि मी एकीकडे. दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर स्टोव्ह खाली जमिनीवर, विटांवर नीट बसवलेला, शेजारी चहा-साखरेचे डबे. "कर आता," म्हणालीस आणि टोपली डोक्यावर घेऊन निघून गेलीस. मी एवढी खूश झाले होते की साखर घालायचीच विसरले.

तू देवाघरी गेल्यावर दादाने घर नवं बांधलं. ओटा काळाभोर, चकचकीत, आणि खाली बसलं की माझ्या डोक्याच्याही वर. वहिनी गुणाची आहे, मागायच्या आधी कप हातात देते. तक्रार करायला जागाच नाही ग, तोच तर त्रास. इतक्या वर्षांत मला माझ्या मनाने एक कप चहा करता आला नाही. शेवटी मी वेगळं राहायचं काढलं तेव्हा दादा भडकलाच. "लोक म्हनतील भावानं बाहेर काढली. तुला तिथं पानी कोन देनार? आनि पत्ता बदललास तर पेन्शन बंद पडेल, मग?" पाण्याचं मला हसू आलं, पेन्शनच्या बोलण्याने मात्र रात्रभर हिशेब मांडत बसले. ब्लाउज शिवण्याचे पैसे सणासुदीला येतात, एरवी भरवसा नाही. भाडं उभं राहणार ते अपंगांच्या पेन्शनवरच. म्हणून मागे दोन जादा चाकं लावलेली माझी स्कूटर काढली आणि थेट वसईला तहसील कचेरी गाठली. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "तालुका तोच आहे ना? मग नवा पत्ता द्या. बंद कशाला होईल?" बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले, मोठा ग्लास, एकटीने.

घरं मात्र मिळता मिळेनात. एकटी, त्यात पाय असे, म्हटल्यावर लोक गोड हसून दार लावतात. या मालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात, मूळच्या तळकोकणातल्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली आणि माझ्या उत्तरावर किल्ली दिली. ते शेवटी सांगते.

राहायला आलो त्या दिवशी दारापुढच्या पायऱ्या बघून दादा टेम्पोत गेला आणि एक लांब फळी घेऊन आला. आपल्या जुन्या होडीची. लोक काय म्हणतील म्हणून भडकणाऱ्याने ती आधीच कापून, तासून ठेवली होती! मी तिच्यावरून सरकत माझ्या घरात गेले. इंडक्शनची शेगडी खाली, पाटावर मांडली. ओटा फोडून खाली घ्यायचा नाही, हे ऐकून मालकीणबाईही खूश. मग नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं. सगळे गोल करून बसलो, दूध वर आलं, आणि ऐन वेळी वहिनीने झडप घालून पातेलं उचललं! जन्मभराची सवय, दूध वाया जाऊ द्यायचं नाही. दादा हसून हसून भिंतीला टेकला, ती बिचारी लाल झाली. मी म्हटलं, तुम्ही सगळे बाहेर व्हा, हे माझं काम आहे. दूध पुन्हा ठेवलं. ते फसफसून वर आलं, पाटावरून जमिनीवर ओघळलं, शेगडी पीं पीं करून बंद पडली आणि मी एकटीच बसून हसत होते. उरलेल्या दुधाचा चहा करून सगळ्यांना आत बोलावलं. दादा म्हणाला, "साखर जास्त झाली." दुसरा कपही त्यानेच मागितला.

काल मोबाइल वाजला, पेन्शन जमा झाली. नव्या घरात आलेली पहिली. लगेच आधण ठेवलं.

आता ते राहिलेलं. मालकीणबाईंनी विचारलं होतं, "एकटी कशी राहशील? आई येऊन-जाऊन असेल ना?" मी हो म्हटलं. आज त्या चहाला आल्या होत्या, खालची शेगडी बघून म्हणाल्या, "छान मांडलंयस. कुणी सुचवलं?" मी म्हटलं, आईने. "मग त्यांना एकदा बोलाव की." मी पुन्हा हो म्हटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, चहाच्या डब्याखाली ठेवतेय. त्यांना खरं सांगायला हवं, कळतं मला. पण आज तरी सांगवलं नाही.