हिरव्या दोऱ्याचं रफू

मिलान, इटली

प्रिय अव्वा, शरणु शरणार्थी.

मी खुशाल हाय. थंडी लई हाय, पण तू दिलेला स्वेटर सोडत न्हाई. शेंगाची चटणी पुरवून पुरवून खातेय. तुझा गुडघा कसा हाय? हरभरा निघाला का?

तू विचारतेस, तुझं काम नेमकं काय. इथं मॉडेल पोरी नवे कपडे घालून चालून दाखवतात. पुढच्या हिवाळ्यात कोणता रंग, कोणतं कापड चालणार, ते बघून मी कंपनीला कळवते. यंदा ओल्या काळ्या मातीचा रंग हाय, जाड लोकर, आणि मुद्दाम उठून दिसणारं रफू.

काल एक पोरगी तपकिरी शाल पांघरून आली. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचं रफू होतं, पोपटाच्या पायासारखं. आप्पांची शाल उदबत्तीनं जळली तेव्हा तपकिरी दोरा सरला होता, म्हणून तू हिरव्यानं भरलीस, तस्संच. तुझा शेवटचा उलटा टाकासुद्धा होता. पोरगीनं डावा तळहात उघडा धरला होता, माती देताना आप्पांच्या हातात इष्टलिंग ठेवलं होतं, तसा.

शेजारच्या बाईनं लिहून घेतलं, ‘पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांच्या अंगावर हीच.’

काळजी करू नको, मी वेळेवर जेवते.

फक्त एक लिही. आप्पांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तेव्हा अंगावरची शाल काढून घेतली होती, असं लिही. खोटं असलं तरी चालंल.

तुझीच,
अंबिका