बरडीवरचं दगडफूल

३ सप्टेंबर १९७३
वच्छलेचं पत्र आलं! पुण्याहून, चांगलं चार पानी. गावातल्या जानरावची ही पोर चौथीत माझ्याकडे होती. कविता म्हणायला उभी राहिली की वर्गातली उनाड कार्टीही गप्प बसत. आता तिथल्या कॉलेजात दगडफुलांच्या जातकुळीवर संशोधन करते. तिच्यासाठी मी फेब्रुवारीत आपल्या बरडीवरच्या, गावाबाहेरच्या खडकाळ माळावरच्या, काळ्या खडकावरून खरवडून एक पुडी पाठवली होती. लिहिते, 'गुरुजी, ही जात थंड, ओल्या डोंगरांतली. आपल्या कोरड्या वऱ्हाडात आजवर कोणालाच मिळाली नव्हती. या घराण्याची वंशावळ नव्यानं मांडावी लागेल.' आणि लेखात नाव छापणार — संग्राहक, उकंडराव!

माझ्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं नि हे नाव दिलं. या नावाला सत्तर वर्षं लाजलो. आता तेच विद्वानांच्या पुस्तकात!

५ सप्टेंबर
हिला पत्र समजावून सांगितलं. दगडफूल हे एक झाड नव्हे, दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, आत शेवाळ राहतं नि अन्न तयार करतं. शास्त्रात नाव मात्र बुरशीचं लागतं. रुख्मिणी भाकरी थापता थापता म्हणाली, "रांधे शेवाळ, अन् नाव बुरशीचं. त्यात नवीन काय हाय?"

९ सप्टेंबर
कविता सुचते आहे. 'खडकाच्या गालावर —' पुढे अडलं. गालावर, भालावर, सालावर… छे!

१६ सप्टेंबर
ओळखायची खूण वच्छलेनं पत्रात दिली आहे. बाहेरून सारखे दिसणारे सख्खे असतातच असं नाही म्हणे. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा. या जातीचा आतला पांढरा गाभा लालभडक होतो. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी पावडर असते. तिथल्या चपराशाकडून, बाबूलालकडून, चिमूटभर आणली. तो म्हणाला, "गुरुजी, या वयात कोन्ती विहीर साफ करून राह्यले?" बरडीवर गेलो. थेंब टाकला. पांढरं ते पांढरंच. पाच ठिकाणी टाकून पाहिला. पावडर शिळी असेल.

१७ सप्टेंबर
पावडर शिळी नाही.

हिला सहज बोललो. चूल फुंकत म्हणाली, मसाल्याच्या डब्यातल्या, परवाच दुकानातून आणलेल्या दगडफुलावर टाकून पाहा. टाकला. लाल! कुंकवासारखं.

मग उलगडा झाला. फेब्रुवारीत बाजारातून आणलेल्या दगडफुलाची पुडी आणि माझी पुडी, दोन्ही एकाच कोनाड्यात होत्या, दोन्ही वर्तमानपत्राच्या कागदात. चष्मा न लावता मी एक उचलली, न उघडताच पाकिटात घालून पोस्टात टाकली. म्हणजे वच्छलेला गेला तो किराणा दुकानातला माल, कुठल्या तरी दूरच्या डोंगरातला. आणि बरडीवरचं आम्ही वांग्याच्या भाजीत खाल्लं!

"तवाच म्हटलं मी, भाजीले वास कसा नाही." हसून हसून हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं नाही. शेवटी पदर आवरून म्हणाली, "पोरीले कळवा बरं. तिचं लेखाचं काम हाय."

कळवतो म्हटलं.

२० सप्टेंबर
पत्र लिहिलं. अक्षर वाकडं आलं. फाडलं.

२६ सप्टेंबर
हिनं विचारलं. टपालाची वेळ टळली, म्हटलं.

४ ऑक्टोबर
वच्छलेचं कार्ड. चौदा तारखेला येते आहे, खडक पाहायला!

दिवसभर बरडीवर फिरलो. गवत गुडघाभर वाढलंय, वारा कसा गातो! चौथीचा वर्ग इथं आणून कविता शिकवायचो, ते दिवस आठवले. अर्धी बरडी यंदाच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामात फुटली. तिची खडी मंगरूळच्या रस्त्यात गेली. आपला खडकही त्यातच गेला, असं म्हटलं तर? रस्ता उकरून कोण पाहणार!

१४ ऑक्टोबर
आली! सकाळच्या एस.टी.नं. केसांत एक पांढरी बट, पण हसणं चौथीतलंच. हिनं पुरणपोळी केली. जेवून आम्ही दोघं बरडीवर गेलो. चढता चढता तिनं माझी आवडती कविता म्हटली, पाचही कडवी, एक शब्द न चुकता.

वर पोचल्यावर विचारलं, "नक्की इथलंच ना, गुरुजी?" मी म्हटलं, इथलंच, पण तो खडक फुटला, खडी झाली, रस्त्याखाली गेला. तिनं वही उघडून धरली होती. काही लिहिलं नाही. उतरताना पुन्हा तेच विचारलं. एस.टी.त चढताना आणखी एकदा. ही संशोधक मंडळी भारी चौकस! मी तिन्ही वेळा हो म्हटलं. तिनं पायांना हात लावला, "येते, गुरुजी."

सुटलो.

१५ ऑक्टोबर
सकाळी ही म्हणाली, "सांगलं ना तिले?" मी मान डोलावली.

"बरं केलं. मी तं भादव्यातच कार्ड टाकलं होतं, शेजारच्या रुपाबाईच्या सुनेच्या हातून लिहून. म्हटलं, तुमच्यानं होनार नाही. ती बोलली नाही का?"

भादव्यात. म्हणजे वच्छला घरून निघाली तेव्हाच तिला सगळं ठाऊक होतं.

तीनदा विचारलं तिनं.