नसरीनचे गाल

बीड, मंगळवार, संध्याकाळ

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मी आणि नसरीन एकाच साबणाने तोंड धुवायचो. तुझं-माझं असं कधी नव्हतंच. म्हणूनच तर आता, इतक्या वर्षांनी, गालांवरच्या वांगावर लावायचं माझं मलमही मी तिला दिलं.

आज त्वचेच्या डॉक्टरबाईंनी ते मलम पाहून विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?"

"मेडिकलवाल्यानं."

"यात स्टेरॉइड आहे. त्वचा पातळ झालीय तुमची. उपचारात आधी लाली वाढेल, आग होईल, मग हळूहळू निवळेल. महिने लागतील. शुक्रवारी पुन्हा तपासणीला या. आणखी कुणी लावतं का हे?"

मी नाही म्हणाले. का म्हणाले? लाज वाटली?

घरी येऊन चौसाळ्याला, नसरीनच्या सासरी फोन लावला. "गाल लई जळतात गं," नसरीन हसत म्हणाली, "पण ननंद म्हणती, उजळलीस! अजून एक ट्यूब धाड की."

आणखी कुणी लावतं का? तो प्रश्न डोक्यातून जात नाही. फोनवर तरी तिला कुठे काही सांगितलं मी?

उद्या पहिल्या गाडीने चौसाळ्याला जायचं. शुक्रवारची माझी तपासणीची वेळ नसरीनला. डॉक्टरबाईंनी दिलेलं नवं सनस्क्रीनही तिलाच. कपाटात उरलेल्या त्या मलमाच्या दोन्ही ट्यूबा डॉक्टरबाईंना. आणि खरं काय ते दोघींनाही.