फोटोखाली पडलेली किल्ली

बाबा, हे पत्र तुम्हाला कुठल्या पत्त्यावर पाठवणार, तरी लिहिते आहे. आज बालाघाटच्या शाळेत आठवीला ‘स्टूप’ हे इंग्रजी क्रियापद शिकवलं. पोरं एका सुरात म्हणाली, “झुकना, मैडम.” पडलेला खडू उचलायला वाकलो तरी स्टूप, म्हाताऱ्या माणसाची पाठ वाकली तरी स्टूप, आणि कोणी आपली पायरी सोडून नीच वागला तरी स्टूपच, असं मी सांगितलं. एकीनं वाक्यात उपयोग विचारला, तेव्हा तो घरून लिहून आणा म्हणून मी फळा पुसायला वळले.

डोळ्यांसमोर किरनापूरच्या राइस मिलचं अंगण आलं होतं. मालकानं गोदामाच्या किल्ल्या मुद्दाम तुमच्या पायाशी फेकल्या. “झुक के उठा, मुंशी.” तुम्ही ताठ उभे. “तुमच्या हातानं उचला,” म्हणालात. त्याच्या माणसानं दांडक्यानं आधी तुमचा गुडघा फोडला, मग तोंड. तुम्ही पडलात तरी तो हाणतच राहिला, कोंड्यावर रक्त सांडत होतं. डबा घेऊन आलेली आई माझा हात सोडून धावली आणि तुमच्यावर ओणवी झाली. पुढचे सगळे फटके तिच्या पाठीवर बसले. शेवटी तिनंच किल्ल्या उचलून मालकाच्या हातात दिल्या, तेव्हा तो थांबला.

संध्याकाळी लंगडत घरी आलात आणि चुलीपुढून तिला केस धरून ओढलंत. “काहून वाकली तू त्याच्यासमोर? माही इज्जत घालवली.” चुलीजवळचं लाकूड उचललंत आणि त्याच सुजलेल्या पाठीवर घातलंत. ती एवढंच म्हणाली, “मारा मले, पण पोरीले बाहेर जाऊ द्या.” मी गेले नाही, सगळं पाहिलं. दुपारी मिलमध्ये मला तुमचा अभिमान वाटला होता, आणि दिवा लागायच्या आत मी तुमचा द्वेष करू लागले. दोन्ही अजून आहेत.

तिची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. तुम्ही जाऊन वर्षं लोटली, तरी ती रोज तुमच्या फोटोला फूल वाहते आणि मला म्हणते, “एक खेप तरी पाया पड ना बाबाच्या.” मी पडत नाही. न वाकणं मी तुमच्याकडूनच शिकले आहे.

काल शाळेला निघताना स्कूटीची किल्ली हातातून निसटून तुमच्या फोटोखाली पडली. मी वाकून उचलली. मागून आईचा आवाज आला, “पडली बाई पाया. आता त्याइले बरं वाटलं असन.” वळून पाहिलं तर ती पदरानं डोळे पुसत होती. मी किल्ली मुठीत लपवली, आणि तिला खरं सांगितलं नाही.